पाच वायनऱ्या नकोत, दोन पुरेत. आणि पिकदाणी हवीच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मित्रमंडळींनी एका दिवसात पाच वायनऱ्या कशा कराव्यात, याचं वेळापत्रक आपल्या रविवारच्या पुरवणीत छापून आलं आहे. मांडणी देखणी आहे, हिशेब मात्र चुकला आहे. त्या वेळापत्रकाबरहुकूम निघालेला गट तिसऱ्या वायनरीत पोचेपर्यंत चाखण्याच्या अवस्थेत उरणार नाही आणि पाचवीत काय प्यायलो, हे दुसऱ्या दिवशी त्यातल्या कुणालाही सांगता येणार नाही. अख्ख्या लेखात वाईन थुंकण्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, ही तर त्याहून मोठी उणीव. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री चालवायला आपण मोकळे आहात.

आधी आकडे पाहू. टेस्टिंगमध्ये एका वाईनचं माप साधारण ३० ते ५० मिलिलिटर असतं. मधलं ४० धरा. एका ठिकाणी पाच वाईन म्हणजे २०० मिलिलिटर. पाच ठिकाणी मिळून एक लिटर. म्हणजे माणशी एक अख्खी बाटली आणि वर दुसरीचा तिसरा हिस्सा. वाईनमध्ये १३ टक्के अल्कोहोल असेल तर त्या लिटरभरात १३० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल येतं, वजनात सुमारे १०० ग्रॅम. आपलं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे सगळं गिळणाऱ्याचं शरीर निदान दहा तास कामाला लागलेलं असणार. कॉफी, गार पाण्याचा हबका, मोकळी हवा यांनी हा वेग वाढत नाही. माणूस फक्त थोडा जागा वाटतो. पोट भरलेलं असेल तर अल्कोहोल रक्तात हळू उतरतं, एवढाच काय तो दिलासा. पण एकूण रक्कम तीच.

आता कुणी म्हणेल, मग दोनच वायनऱ्या करू आणि मजेत पिऊ. दोन ठिकाणचे ४०० मिलिलिटरही ४० ग्रॅमच्या घरात जातात. ते पचायला चार ते सहा तास हवेत. म्हणूनच चाखायला जायचं असेल तर थुंकायला शिकावं लागतं. याला पळवाट नाही.

आपल्याकडे पिकदाणी म्हटलं की नाक मुरडलं जातं. टेस्टिंगच्या टेबलावर मात्र ते भांडं ग्लासइतकंच आवश्यक आहे. वाईन बनवणारा माणूस स्वतःच्या तळघरात रोज पिंपापिंपातून नमुने काढतो, तेव्हा तो प्रत्येक घोट थुंकतो. त्यामुळे पाहुण्याने थुंकलं तर यजमानाचा अपमान होतो, ही भीड मनातून काढून टाकावी. उलट समोरच्याला कळतं की हा गट ऐकायला आणि शिकायला आला आहे. अशा वेळी यादीत नसलेली एखादी बाटलीही टेबलावर येते.

थुंकण्याचंही तंत्र आहे आणि ते घरी बेसिनसमोर पाण्यावर सरावाने जमतं. चूळ भरतो तसा छोटा घोट घ्यायचा, फार तर १० ते १५ मिलिलिटर. थुंकताना कमरेतून पुढे वाकायचं, ओठांचा चंबू करायचा, गाल आत ओढायचे आणि जिभेने मागून रेटा देऊन एकच बारीक, सलग धार सोडायची. फसतं ते दोन कारणांनी. घोट मोठा असतो, म्हणून धार फुटून शिंतोडे उडतात. किंवा माणूस लाजून ओठ अर्धवट उघडतो आणि वाईन हनुवटीवरून ओघळते. मोकळे केस, ओढणी, टाय आधी हाताने आवरून धरावेत. कपडे गडद रंगाचे बरे. टेबलावरचं भांडं दूर असेल किंवा सगळ्यांत एकच असेल, तर प्रत्येकाने हातात कागदी कप ठेवावा. तो पारदर्शक नसावा, हे सांगायला नकोच. ग्लासात उरलेली वाईनही त्याच भांड्यात ओतायची असते. न आवडलेली वाईन ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून संपवणारे लोक दुपारी तीन वाजता गाडीत घोरत असतात.

इतकं करूनही थोडी वाईन पोटात जातेच. हिरड्यांवर राहते, नकळत गिळली जाते. त्यामुळे ‘मी थुंकतोय, मीच गाडी चालवतो’ हा युक्तिवाद लंगडा आहे. रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा कुठल्या देशात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम, कुठे ५०, तर कुठे सरळ शून्य आहे. ज्याच्या हाती गाडी त्याने द्राक्षाचा रस प्यावा, नाहीतर चालकासह गाडी ठरवावी. हे निघण्याआधी ठरवायचं असतं. परतीच्या वेळी ‘आपल्यात सगळ्यात कमी कोण प्यायलाय’ असा शोध घेणं म्हणजे कमी प्यायलेल्यांपैकी सर्वात बोलघेवड्याच्या हाती किल्ली देणं. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोलसारखं जंतुनाशक औषध चालू असेल, तर त्या माणसाने चाखण्याच्या फंदातच पडू नये. वाईन टिकवण्यासाठी घालतात त्या सल्फाइटचा त्रास होणाऱ्या दमेकऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

पाच वायनऱ्या नकोत याला दुसरंही कारण आहे आणि ते जिभेचं आहे. रेड वाईनमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून हिरड्या कोरड्या आणि खरखरीत वाटतात. कच्चं केळं किंवा कडक काळा चहा तोंडात धरल्यावर होतं तसं. एका रेडनंतर दुसरी, तिसरी घेत गेलं की ही तुरटी साठत जाते, लाळेला सावरायला वेळ मिळत नाही. आठ-दहा रेड ओळीने चाखल्या की नवख्या जिभेला सगळ्याच सारख्या लागू लागतात. स्पर्धांमधले परीक्षक दिवसाला याहून कितीतरी जास्त नमुने चाखतात, हे खरं. पण ते सगळं थुंकतात, न बोलता काम करतात, थोडे नमुने झाले की थांबतात. आणि त्यांच्यामागे वर्षांचा सराव असतो. सहलीला निघालेल्या गटाने स्वतःची बरोबरी त्यांच्याशी करू नये.

वेळापत्रक असं बसवावं. पहिली वायनरी सकाळी साडेदहा-अकराला, कारण दुपारच्या जेवणाआधी नाक आणि जीभ दोन्ही ताजी असतात. तिथे दीड तास हवा. अर्धा तास बाग आणि तळघर पाहायला, पाऊण तास टेबलावर, बाकी वेळ प्रश्नांना आणि रेंगाळायला. मग नीट जेवण, घाईने उरकलेलं नव्हे. अडीच-तीनला दुसरी वायनरी. अनुभवी गट असेल आणि अंतर कमी असेल तर तिसरी घ्यावी, तीही आधी ठरवून. जागा आधी राखून ठेवणं बरं, सहा-आठ जणांचा गट असेल तर नक्कीच. तोडणीच्या हंगामात गेलात तर पाहायला सर्वात जास्त मिळतं, पण तिथल्या माणसांना बोलायला सर्वात कमी वेळ असतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

हंगामातल्या भेटीचा एक धोका आपल्या लेखात यायलाच हवा होता. आंबवण चालू असताना एक लिटर द्राक्षरसातून सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तोंडाशी आणि खोलगट भागात साचतो. त्याला रंग नाही, नुसत्या हवेत तो आहे हे नाकाला कळतही नाही. फार तर नाकात सोडा चढल्यासारखी चुणचुण जाणवते आणि तोवर चक्कर आलेली असते. उघड्या टाकीवर वाकून फोटो काढण्याचा मोह म्हणूनच जिवावर बेतू शकतो. वायनरीचा माणूस ‘इथे थांबा’ म्हणाला तर तिथेच थांबावं.

घरून निघताना अत्तर, सुगंधी तेल, दरवळणारं हँड सॅनिटायझर लावू नये. एकाने लावलं तरी टेबलावरच्या सगळ्यांची वाईन त्याच वासाची लागते. वाईन चाखण्याच्या निदान तासभर आधी दात घासलेले असावेत. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे गोडी दबते आणि कडवटपणा वर येतो. पुदिन्याच्या गोळ्या, कडक कॉफी, तिखट आणि सिगारेट यांचंही तेच. ठसठशीत लिपस्टिकमुळे ग्लासाचा काठ तेलकट होतो आणि स्पार्कलिंग वाईनचे बुडबुडे तिथे फुटून बसतात. सर्दी झाली असेल तर सरळ घरी राहावं. नाक बंद म्हणजे निम्म्याहून अधिक चव बंद.

पुरवणीतल्या छायाचित्रात ग्लास काठोकाठ भरलेला आहे आणि वाडग्यासारखा तळव्यात धरला आहे. चाखण्याच्या ग्लासाचा आयएसओ ३५९१ हा आंतरराष्ट्रीय नमुना १९७७ पासून आहे. त्यात साधारण २१५ मिलिलिटर मावतात, आणि ओतायची फक्त ५० मिलिलिटर. वरची जागा वासासाठी मोकळी ठेवलेली असते. कळीसारखा तोंडाशी निमुळता होणारा आकारही त्याचसाठी. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाईनला लागत नाही आणि काचेवर ठसे उमटत नाहीत. वाईन फारच गार असेल तर मात्र मुद्दाम दोन्ही तळव्यांत धरून दोन-तीन मिनिटं थांबावं.

तापमानाकडे गटांचं जवळपास नेहमीच दुर्लक्ष होतं. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश सेल्सिअसला, हलकी व्हाइट ८ ते १०, ओकच्या पिंपात मुरलेली भारदस्त व्हाइट १० ते १३, हलकी रेड १२ ते १४ आणि भारी रेड १६ ते १८ अंशांना चाखावी. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड दगडी घरांतून आला. २८-३० अंशांच्या खोलीत त्याच रेडमधून अल्कोहोलच आधी नाकात शिरतं आणि वाईन पसरट, जॅमसारखी लागते. अशा वेळी बाटली दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगण्यात काहीच वावगं नाही. बादलीत नुसता बर्फ नको, निम्मं पाणी हवं. पाणी काचेला सर्व बाजूंनी भिडतं, म्हणून बाटली लवकर गार होते. उलट अति गार वाईनमध्ये वास झोपतो आणि दोषही लपतात. एखाद्या ठिकाणी व्हाइट दात शिवशिवतील इतकी गार देत असतील, तर तिचा गारवा थोडा उतरू द्यावा आणि मग ती पुन्हा हुंगावी.

क्रम सहसा यजमानच लावतो: आधी स्पार्कलिंग, मग कोरडी (म्हणजे गोडी नसलेली) व्हाइट, सुगंधी व्हाइट, गुलाबी रोझे, हलकी रेड, भारी रेड आणि शेवटी गोड. गोड वाईन मध्येच घेतली तर तिच्यामागून येणारी कोरडी वाईन उगाच आंबटढाण लागते. गटातल्या एखाद्याला ‘मला रेडच आवडते, तिथूनच सुरू करा’ असं वाटतं. त्याचं ऐकू नये.

पाहण्याची पायरी पटकन उरकता येते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. व्हाइट वाईन वयानुसार गडद होते. रेड फिकट होत जाते आणि कडेला विटकरी छटा येते. कोवळ्या व्हाइटला तपकिरी झाक असेल तर शंका घ्यावी. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या धारांवरून वाईनचा दर्जा कळतो, असं लेखात म्हटलं आहे. ते खरं नाही. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जातो आणि वजनाने पुन्हा खाली ओघळतो. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे उलगडून सांगितलं होतं. त्या धारांवरून अल्कोहोलचा अंदाज येईल, गुणवत्तेचा नाही.

खरं काम नाकाचं. पहिला वास ग्लास न हलवता घ्यावा, कारण सर्वात चटकन उडणारे वास तेव्हाच सापडतात. मग ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवावा (हवेत फिरवण्याचा नाद शेजारच्याच्या शर्टाला महागात पडतो) आणि पुन्हा हुंगावं. एक लांबलचक श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे श्वास बरे. नाक एका वासाला फार लवकर सरावतं. सरावलंच तर स्वतःच्याच बाहीचा वास घ्यावा, नाक पुन्हा जागेवर येतं.

इथे मित्रांच्या गटाची खास अडचण सुरू होते. गटात एकजण आत्मविश्वासाने ‘स्ट्रॉबेरी!’ म्हणतो आणि पुढच्या क्षणी सगळ्यांना स्ट्रॉबेरी सापडते. सूचनेचा परिणाम किती खोल असतो, हे फ्रान्समधल्या बोर्डो विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाईन आणि तीच वाईन वासहीन लाल रंग घालून दिली होती. लाल दिसणाऱ्या वाईनचं वर्णन त्यांनी रेड वाईनच्या शब्दांत केलं. शिकणाऱ्यांची ही गत, तर आपली काय कथा! म्हणून गटाने एकच शिस्त पाळावी: आधी लिहायचं, मग बोलायचं. प्रत्येकाने वहीत प्रत्येक वाईनसाठी चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात: वास, आंबटपणा, तुरटी आणि तोंडात रेंगाळलेला काळ सेकंदांत. शेवटी दहापैकी गुण. सगळ्यांचं लिहून झालं की वह्या उघडायच्या. मतं जुळत नाहीत तिथेच गप्पा रंगतात, आणि नेमका तोच प्रश्न यजमानाला विचारण्यासारखा असतो.

वासाला शब्द सापडत नसतील तर अ‍ॅन नोबल यांनी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात १९८० च्या दशकात तयार केलेलं ‘अरोमा व्हील’ म्हणजे वासांच्या शब्दांचं चक्र सोबत ठेवावं. त्यात मोघम शब्द आतल्या वर्तुळात आणि नेमके शब्द बाहेरच्या वर्तुळात आहेत: आधी ‘फळ’, मग ‘लिंबूवर्गीय’, मग ‘ग्रेपफ्रूट’. ‘उमदी’, ‘भव्य’, ‘रसिली’ असले शब्द त्यात नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

आता दोषांकडे वळतो. दोष ओळखता येणं ही सहलीची खरी कमाई, कारण घरी आणलेली बाटली बिघडलेली आहे की आपल्याला ती वाईन आवडतच नाही, हे कळायचं ते यावरूनच. पहिला दोष ओल्या पुठ्ठ्याचा. पावसात भिजून सादळलेल्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यासारखा कुबट वास आला आणि मागचं फळ नाहीसं झालं असेल, तर बुचातून टीसीए नावाचं रसायन उतरलेलं असतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही ते जाणवायला पुरतात. हा वास हवेने जात नाही, उलट जितकं थांबाल तितका उठून दिसतो. यजमानाला हळूच सांगावं. चांगला यजमान स्वतः हुंगून दुसरी बाटली उघडतो. दुसरा दोष कुजक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा. हा गंधकाचा वास हवा न मिळाल्याने येतो आणि ग्लास फिरवला की बऱ्याचदा उडून जातो. न गेल्यास स्वच्छ तांब्याचा तुकडा ग्लासात क्षणभर ढवळून पाहतात. तांबं हायड्रोजन सल्फाइडला बांधून ठेवतं. तिसरा व्हिनेगर आणि नेलपॉलिशचा, तो जीवाणूंनी अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल केल्यामुळे. चौथा तबेल्याचा आणि औषधी पट्टीचा, ब्रेटानोमायसीस या यीस्टमुळे. हा चवथा थोडासा असला तर काहींना आवडतोही, त्यावर वाद घालत बसू नये.

टेस्टिंग रूममध्ये सर्वाधिक भेटणारा दोष मात्र यांतला एकही नसतो. तिथे गाठ पडते ती काल-परवा उघडलेल्या बाटलीशी. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा, तपकिरी पडलेला वास, फळ मावळलेलं आणि शेवट बोथट. गर्दीच्या दिवसानंतर अर्धी राहिलेली बाटली दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मिळते, हे जगभर चालतं. म्हणून ‘ही बाटली कधी उघडलीत?’ हा प्रश्न बिनदिक्कत विचारावा. निष्क्रिय वायू भरून ठेवली असेल तर दोन-तीन दिवस तग धरते, नुसतं बूच लावून ठेवलेली हलकी व्हाइट दुसऱ्याच दिवशी उतरू लागते. या एका प्रश्नावर एखाद्या वायनरीबद्दलचं मत बदलू शकतं, दोन्ही दिशांना.

तोंडात घेतल्यावर घोट आठ-दहा सेकंद फिरवावा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी म्हणजे वास घशामागून नाकात चढतो. गालांच्या कडेला लाळ सुटली तर आंबटपणा चांगला आहे. हिरड्या आवळल्या तर टॅनिन. घशाशी जाळ झाला तर अल्कोहोल. थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजावं. दोन वाईनच्या मध्ये साधं, गार नसलेलं पाणी आणि बिनमिठाचा पाव पुरतो. लेखात सुरुवातीलाच चीजची थाळी मागवायला सांगितली आहे. ती शेवटी मागवावी. चीजमधली चरबी, प्रथिनं आणि मीठ तुरटीवर पांघरूण घालतात, आणि सुमार रेडही त्याच्या सोबतीने गोडगोमटी लागते. विकणाऱ्यासाठी हे उत्तम आहे, चाखणाऱ्यासाठी नाही.

गट सहा जणांचा असेल तर यजमानाला अर्धंच माप ओतायला सांगावं किंवा दोघांत एक टेस्टिंग घ्यावं. चाखायला २० मिलिलिटर पुरतात. शक्य असेल तिथे एकाच वाईनची लागोपाठची दोन-तीन वर्षं शेजारी शेजारी मागावीत. द्राक्ष तेच, हात तेच, बदललं ते फक्त हवामान. एवढ्या एका तुलनेने जे कळतं ते दहा सुट्या वाईन चाखून कळत नाही.

प्रश्न विचारताना ‘तुमची बेस्ट कोणती?’ यावर वेळ घालवू नये, उत्तर ठरलेलं असतं. द्राक्षं किती ब्रिक्सला तोडली, हे विचारा. ब्रिक्स म्हणजे द्राक्षरसातल्या साखरेचं माप. ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो. २४ ब्रिक्सला १३ ते १४ टक्के. मोजलेलं आणि लेबलवरचं जुळत नसेल तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. पिंपात किती महिने, त्यातली नवी पिंपं किती, हे विचारा. बोर्डो पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्यांचं. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास पहिल्या दोन-तीन वापरांतच बराचसा उतरतो. काही ठिकाणी पिंपाऐवजी ओकचे तुकडे टाकीत सोडतात. त्यात गैर काही नाही, पण ते पिंपाच्या भावात विकलं जात असेल तर कळायला हवं. व्हाइटला लोण्याचा वास असेल तर मॅलोलॅक्टिक आंबवण पूर्ण केलं का, हे विचारा. त्यात सफरचंदातलं धारदार आम्ल दुधातल्या मवाळ आम्लात बदलतं.

खरेदी शेवटच्या टेबलावर हसतखिदळत करू नये. जेवताना सकाळच्या वह्या काढा, ज्या वाईनला दोघातिघांनी स्वतंत्रपणे जास्त गुण दिले असतील तिच्यावर खूण करा आणि तेवढ्याच घ्या. हातातल्या ग्लासासमोरचं दृश्य, गार वारा आणि यजमानाची लाघवी बोलणी बाटलीबरोबर घरी येत नाहीत.

बाटल्या नेणं ही शेवटची आणि सर्वात जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ५० अंशांच्या पुढे जातं. वाईन प्रसरण पावते, बूच वर ढकललं जातं, कडेने चिकट ओघळ येतो आणि आत शिजवलेल्या मनुकांची चव उरते. सकाळी घेतलेली बाटली दुपारी जेवण होईपर्यंत गाडीत ठेवली तर एवढं बिघडायला तेवढा वेळ पुरेसा आहे. त्यामुळे पहिल्या वायनरीला खरेदी परतीच्या वाटेवर उचलू असं सांगावं, किंवा थर्माकोलची पेटी आणि गोठवलेल्या जेलच्या दोन पिशव्या घेऊन जावं. पेटी डिकीत नको, माणसं बसतात तिथे, एसीच्या वाऱ्यात ठेवावी. बाटल्यांमध्ये वर्तमानपत्र कोंबावं. घरी आल्यावर बुचाच्या बाटल्या आडव्या, स्क्रू-कॅपच्या कशाही, आणि गाळ असलेली जुनी रेड उघडण्याआधी दिवसभर उभी.

आणि त्या रात्री जांभळे झालेले दात पाहून लगेच ब्रश करायला धावू नये. वाईनचा पीएच ३ ते ४ असतो, दिवसभर ती तोंडात घोळवल्याने दातांवरचं कवच तात्पुरतं मऊ झालेलं असतं आणि ब्रशने ते घासलं जातं. पाण्याने खळखळून चूळ भरावी, तासभर थांबावं, मग दात घासावेत.

आपला,
एक नियमित वाचक